शिबिरात न आलेली तलफ: तंबाखू सोडताना समतेच्या सरावाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुणे जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका कामगाराचे आहे. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि कौटुंबिक तपशील बदलले असून त्यांचा उल्लेख येथे श्री. म. असा केला आहे. वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात ते सीएनसी लेथवर, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकचलित यंत्रावर, काम करतात आणि दर आठवड्याला त्यांची पाळी बदलते. कामाला लागल्यापासून, म्हणजे विशीच्या सुरुवातीपासून, त्यांना चुना लावून मळलेल्या तंबाखूची सवय होती. दिवसाला चौदा-पंधरा वेळा बार भरला जाई, त्यातला पहिला उठल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत, आणि त्याशिवाय पोट साफ होत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. उठल्याउठल्या तंबाखू लागणे हे अवलंबित्व खोल असल्याचे सर्वांत साधे लक्षण मानले जाते.

महाराष्ट्रात ही सवय मुळीच विरळ नाही. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीनुसार राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. म्हणजे जवळजवळ दर चौथी व्यक्ती. चुना हा केवळ चवीचा भाग नसतो. त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे तंबाखूतील निकोटिन तोंडाच्या अस्तरातून अधिक वेगाने रक्तात उतरते, त्यामुळे मळून खाल्लेल्या तंबाखूची पकड नुसत्या पानापेक्षा घट्ट असते.

श्री. म. आमच्याकडे स्वतःहून आले नाहीत. दाढदुखीसाठी दंत रुग्णालयात गेले असता, जेथे ते नेहमी तंबाखू धरत त्या डाव्या खालच्या ओठाच्या आतील खोबणीत पांढरा चट्टा आढळला. तुकडा काढून केलेल्या तपासणीत कर्करोग किंवा त्याआधीचे पेशीबदल नव्हते. मात्र तंबाखू चालू राहिल्यास हा चट्टा तसाच राहील याची खात्री देता येणार नाही, असे दंतवैद्यांनी स्पष्ट सांगितले आणि त्यांना तंबाखूमुक्ती समुपदेशनासाठी पाठवले.

अडचण

पहिल्या भेटीत आम्ही नेहमीचे प्रश्न विचारले, त्यांपैकी एकाचे उत्तर अनपेक्षित होते. याआधी तंबाखू सोडण्याचा प्रयत्न केला होता का, असे विचारल्यावर त्यांनी जेजुरीला घेतलेली शपथ सांगितली, लवंग आणि बडीशेप चघळण्याचे प्रयोग सांगितले, आणि मग जरा थांबून म्हणाले, "मॅडम, दोन वर्षांपूर्वी मी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलो. तिथं चौथ्या-पाचव्या दिवसानंतर तंबाखूची आठवणसुद्धा आली नाही. येताना कल्याणला गाडी बदलायला उतरलो आणि टपरीवरून पुडी घेतली. घेतली तेव्हा कळलंसुद्धा नाही."

इगतपुरीचे धम्मगिरी हे केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले आणि सत्यनारायण गोयंका यांनी भारतात परत आणलेल्या पद्धतीचे ते प्रमुख केंद्र आहे. जवळजवळ शेवटपर्यंत आर्यमौन, म्हणजे बोलणे-खुणा पूर्ण बंद, पहाटे चारची घंटा, दिवसभरात सुमारे दहा तासांचे ध्यान, पहिले तीन दिवस श्वासावर लक्ष ठेवणारी आनापान साधना आणि चौथ्या दिवसापासून शरीरभर उठणाऱ्या संवेदनांचे तटस्थ निरीक्षण, असा तेथील क्रम आहे. तंबाखूला तेथे पूर्ण मनाई असते. निकोटिनचा विरह पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक त्रास देतो आणि त्यानंतर ओसरू लागतो, हे लक्षात घेता श्री. म. यांनी सर्वांत कठीण काळ त्या शिबिरात काढलाही होता. डोके दुखणे, चिडचिड आणि झोप न लागणे हे सगळे त्यांनी अनुभवले. मात्र ते त्यांनी बसण्याच्या त्रासाच्या खात्यात टाकले.

तलफ ओसरली होती, संवेदनेकडे समतेने, म्हणजे हवे-नको न करता, पाहण्याची रीत शिकून झाली होती, तरीही हात खिशाकडे गेला. याचा अर्थ त्यांनी स्वतःच्या पद्धतीने लावला होता: साधना खरी आहे, आपणच कच्चे आहोत. शिबिरानंतर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, अशी तेथील शिफारस असते. फिरत्या पाळ्यांत त्यांना ते जमले नाही, दोन तास जमत नाहीत म्हणून वीस मिनिटेही सोडली, आणि महिन्याभरात आसन गुंडाळून माळ्यावर गेले. आता चट्ट्याची भीती बसल्यावर त्यांची मागणी एकच होती: पुन्हा शिबिराला जावे का?

आमच्या दृष्टीने खरी अडचण मात्र निराळी होती. शिबिरात त्यांना समता मिळाली होती ती गुडघेदुखीसमोर, कंटाळ्यासमोर आणि पाठीच्या कळेसमोर. तलफ जेथे उठते तेथे, म्हणजे डबी, चुना, चहाची सुट्टी आणि पाळी बदलताना मारलेल्या गप्पा यांच्यासमोर, ती कधी तपासलीच गेली नव्हती. पाली परंपरेतील कारणसाखळीत वेदनेतून, म्हणजे शरीरात जाणवणाऱ्या कोणत्याही संवेदनेतून, तृष्णा आणि तृष्णेतून उपादान, म्हणजे घट्ट धरून ठेवणे, असा क्रम सांगितला आहे. साधक ती साखळी वेदनेपाशी तोडायला शिकतो. पण ज्या वेदनेतून तंबाखूची तृष्णा उठत होती, ती वेदना धम्मगिरीच्या हॉलमध्ये त्यांच्या वाट्याला फारशी आलीच नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय त्यांचाच होता: ताबडतोब दुसरे शिबिर. त्याच्या बाजूने बरेच बोलता येण्यासारखे होते, कारण विरहाचा काळ सुरक्षित वातावरणात जाईल, इच्छा प्रबळ आहे आणि पद्धतीवर श्रद्धाही आहे. विरोधातला मुद्दा एकच होता, पण जड होता. मागच्या वेळी जे झाले त्याची कारणे न बदलता तेच पुन्हा केले आणि पुन्हा कल्याणच्या टपरीसारखे घडले, तर 'आपणच कच्चे' हा त्यांचा समज आणखी पक्का होईल. शिबिराच्या अर्जात व्यसनाची व आरोग्याची माहिती मागितली जाते, ती त्यांनी मागच्या वेळी अर्धवट भरली होती, हेही बोलण्यातून पुढे आले. पुढे कधी गेलात तर ती पूर्ण भरा, असे आम्ही सांगितले.

दुसरा पर्याय आमच्या केंद्राचा नेहमीचा, म्हणजे सोडण्याची तारीख ठरवणे, निकोटिनची पर्यायी मात्रा, तलफ आल्यावर करायच्या गोष्टींची यादी आणि ठरावीक अंतराने दूरध्वनी. हा मार्ग सिद्ध आहे आणि बहुतेकांसाठी आम्ही तोच वापरतो. पण 'तलफ आली की पाणी प्या, लक्ष दुसरीकडे वळवा' या सल्ल्याला श्री. म. यांनी पहिल्याच भेटीत नकार दिला. लक्ष वळवणे म्हणजे पळणे, असे शिबिरात शिकलो, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याला एका रीतीची ओळख आणि ओढ आहे, त्याच्या हातात उलटी रीत देण्यात शहाणपण नव्हते.

तिसरा पर्याय मधला होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी व्यसनमुक्तीनंतरची घसरण रोखण्याच्या कामात तलफेला न दाबता आणि न पुरवता तिच्या चढउतारासह पाहत राहण्याचा सराव आणला, आणि पुढे त्यातूनच सजगतेवर आधारलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम उभा राहिला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २८६ जणांवरील तुलनात्मक अभ्यासात एक वर्षानंतर या गटाची स्थिती नेहमीच्या उपचारगटांपेक्षा चांगली दिसली. धूम्रपानाबाबत अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जडसन ब्रूअर यांच्या २०११ मधील अभ्यासात ८८ जण होते. सतरा आठवड्यांनंतर सजगतेच्या गटातील ३१ टक्के आणि प्रचलित कार्यक्रमाच्या गटातील ६ टक्के धूम्रपानमुक्त होते. त्याच माहितीच्या नंतरच्या विश्लेषणातील निरीक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते: सराव करणाऱ्यांत आधी तलफ कमी झाली असे नव्हे, तर तलफ आणि सिगारेट यांच्यातील नाते सैल झाले. तलफ येई, पण हात आपोआप जात नसे. हे सगळे पाश्चात्त्य सिगारेट ओढणाऱ्यांचे आणि उपचारकेंद्रांतील रुग्णांचे निष्कर्ष आहेत. चुना-तंबाखू खाणाऱ्या पाळीच्या कामगाराला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत, याची जाणीव ठेवूनच आम्ही हा पर्याय पुढे ठेवला.

यातूनच निर्णयाचा पहिला खरा पेच उभा राहिला तो औषधाचा. तोंडात चट्टा असल्याने निकोटिनच्या च्युइंगमऐवजी त्वचेवर लावायची पट्टी बरी, असे डॉक्टरांचे मत पडले. श्री. म. यांना ते पटेना. "औषध घेऊन समता कसली? मग साधनेनं सुटलं असं कसं म्हणायचं?" असा त्यांचा प्रश्न होता आणि तो फेटाळण्यासारखा नव्हता. आम्ही त्यांच्यासमोर दोन गोष्टी मांडल्या. एक, पट्टी दिवसभराचा पायाभूत विरह सौम्य करते. डबी दिसताच उसळणारी तलफ ती फारशी थांबवत नाही, म्हणजे पाहण्यासारखे पुष्कळ उरतेच. दुसरी गोष्ट त्यांच्याच परंपरेतली होती. गोयंका स्वतः रंगूनला आपले विपश्यना-गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे १९५५ मध्ये गेले ते अर्धशिशीच्या त्रासामुळे. त्यावर मॉर्फिन द्यावे लागे आणि त्याचीच सवय लागण्याची भीती होती. केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी येत असाल तर घेणार नाही, असे त्यांना प्रथम सांगण्यात आले. साधनेने काय सुटले याचा हिशेब मांडत बसणे हेही एक धरून ठेवणेच आहे, हे श्री. म. यांच्या लक्षात आले. पुढच्या भेटीत त्यांनी पट्टी मागून घेतली.

केलेली कार्यवाही

आम्ही विपश्यना शिकवली नाही. ती शिकवण्याचा अधिकार आणि व्यवस्था त्या परंपरेकडे आहे, आणि दोन पद्धतींची भेसळ करू नये असे तेथे बजावलेही जाते. म्हणून कामाची विभागणी केली: घरी बसायचे ते शिबिरात शिकवल्याप्रमाणेच, पण वीस मिनिटे, आणि पाळीनुसार वेळ बदलून, केंद्रात करायचा सराव केवळ तलफेच्या क्षणासाठी. वीस मिनिटांची मुभा कोणीतरी मोठ्याने द्यावी एवढीच त्यांची गरज होती, असे मला आजही वाटते.

केंद्रातील सराव असा ठरला. खुर्चीत बसायचे, डोळे उघडे, पाय जमिनीला टेकलेले. समोर टेबलावर त्यांचीच रिकामी डबी. तलफ शून्य ते दहा यांपैकी किती, ते बोलायचे. मग ती शरीरात कोठे आहे ते शोधायचे आणि जे सापडेल ते साध्या शब्दांत सांगायचे. पहिल्या वेळी उत्तर आले, "मनात आहे." दुसऱ्या वेळी थोडे खाली उतरले. गालांच्या आत पाणी सुटते. जीभ आपोआप डाव्या खोबणीकडे जाते. उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळव्यावर फिरू पाहतो. छातीत वरच्या बाजूला काहीतरी आवळते. पोटऱ्यांत चुळबुळ होते. ही यादी पाहून ते स्वतःच चकित झाले, कारण इतकी वर्षे 'तलफ' या एकाच नावाखाली या पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी होत होत्या आणि त्यांतली एकही एकटी असती तर असह्य नव्हती.

डबी समोर ठेवावी की नाही, यावर आमच्यात मतभेद होते. दंतवैद्यांना हा विषाची परीक्षा घेण्याचा प्रकार वाटला. सोडू पाहणाऱ्या माणसापासून सामान दूर ठेवावे हा नेहमीचा नियम आहे आणि तो योग्यही आहे. माझे मत असे होते की, डबीपासून दूर राहण्याचे दहा दिवस त्यांनी आधीच अनुभवले आहेत. शिवाय कारखान्यात डझनभर डब्या रोज समोर येणारच, तर पहिली भेट आमच्या खोलीत झालेली बरी. शेवटी तडजोड झाली: आधी बंद रिकामी डबी, मग उघडी, मग चुन्याचा वास. प्रत्यक्ष तंबाखू मळण्यापर्यंत आम्ही गेलो नाही. मळण्याची क्रिया हीच सवयीचा अर्धा भाग असते, आणि एकदा हात चालू लागला की पाहणारा मागे पडतो.

तिसऱ्या आठवड्यात सराव अडकला. नोंदवहीत आकडे चांगले दिसत होते, तलफ आठवरून तीनवर येत होती. पण प्रत्येक सरावानंतर ते घामाघूम होत आणि संध्याकाळी चिडत. बारकाईने विचारल्यावर कळले की, सरावाच्या वेळी ते दात आवळून, श्वास रोखून बसत. संवेदना पाहणे चालू होते, पण ती जावी म्हणून. "बघत होतो खरा," ते म्हणाले, "पण जाते कधी याची वाट बघत होतो. फीड जास्त दिली की जॉबला चॅटर येतो, तसं झालं होतं." म्हणजे हत्यार फार वेगाने पुढे रेटले की कापायचा तुकडा थरथरतो, तसे.

या प्रकरणातील मध्यवर्ती निर्णय इथे घेतला गेला. आकडे सुधारत असल्याने आहे तसे चालू ठेवणे सोपे होते, आणि आकडा खाली येण्यावर समाधान मानणारा समुपदेशक कदाचित तेच करील. आम्ही आकडा विचारणेच बंद केले. त्याऐवजी दोनच प्रश्न उरले: आता काय आहे, आणि ते जावे असे वाटते आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तर ते वाटणेही शरीरात शोधायचे, म्हणजे आवळलेला जबडा, अडलेला श्वास, भुवयांमधला ताण. तलफेवर समता ठेवता येत नसेल, तर निदान तलफेच्या तिटकाऱ्यावर ठेवून पाहायची. ते त्यांना जमले. पुढच्या काही सरावांत तलफ अनेकदा कमी झालीच नाही, उलट जास्त वेळ टिकली. पण घाम येणे थांबले. "आली, बसली, मीपण बसलो" असे त्यांनी वहीत लिहिले होते.

कारखान्यातील सरावाबाबत सुरक्षेचा प्रश्न होता आणि तो पुस्तकांत सहसा दिसत नाही. यंत्र चालू असताना लक्ष आत वळवणे धोक्याचे आहे. म्हणून नियम ठरला की स्पिंडल फिरत असताना सराव नाही. तलफ आली तर 'आली आहे' एवढीच नोंद करायची, काम पूर्ण करायचे आणि यंत्र थांबल्यावर, जॉब काढून ठेवल्यावर, सेफ्टी शूजमधील तळपायांचा दाब जाणवेपर्यंत उभे राहून मग पाहायचे. चहाच्या सुट्टीत हात धुताना पाण्याचा स्पर्श हा दुसरा ठरलेला क्षण. गंमत म्हणजे या नियमामुळे तलफ आणि कृती यांच्यात सक्तीचे काही मिनिटांचे अंतर पडले, आणि तलफेची एक लाट साधारण तेवढ्याच वेळात कलते. आम्ही सुरक्षेसाठी केलेली सोय उपचाराला उपयोगी ठरली.

सोडण्याची तारीख त्यांनी स्वतः निवडली: सेकंड शिफ्टच्या आठवड्याचा पहिला दिवस, कारण त्या आठवड्यात सकाळ मोकळी असते. नाईटच्या आठवड्यात सुरुवात करायची नाही, यावर आमचे एकमत होते. झोप मोडलेली असताना कोणतीही समता तोकडी पडते. सकाळच्या बारऐवजी कोमट पाणी आणि थोडे चालणे सुरू केले. पोटाची तक्रार दोन आठवडे राहिली आणि मग संपली.

दशक्रियेचा प्रसंग

तंबाखू सुटून महिना उलटला असताना त्यांच्या चुलत्यांचे निधन झाले. गावी दशक्रियेला घाटावर पुरुषमंडळी बसली होती. थोरल्या मामांनी तंबाखू मळली आणि सवयीप्रमाणे तळहात पुढे केला. श्री. म. यांनी चिमूट उचलली.

नंतरच्या भेटीत आम्ही या क्षणाची उजळणी केली, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. त्या वेळी त्यांना तलफ आलीच नव्हती. तोंडाला पाणी सुटले नव्हते, जीभ खोबणीकडे गेली नव्हती. मन चुलत्यांच्या आठवणीत होते. वडीलधाऱ्याने पुढे केलेला हात, तोही दुःखाच्या प्रसंगी, परत पाठवायचा नाही, एवढेच घडले. तलफेच्या संवेदना ओळखण्याचा आमचा सगळा सराव या ठिकाणी निरुपयोगी होता, कारण ओळखायला काही उठलेच नव्हते. आपल्याकडे तंबाखू ही देण्याघेण्याची गोष्ट आहे. अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करायला, भांडण मिटवायला, सांत्वनाला ती पुढे केली जाते. व्यसनाचा विचार एकट्या माणसाच्या शरीरापुरता केला की हा भाग निसटतो.

पण एका चिमटीनंतर पुढचे तीन दिवस तंबाखूत गेले ते त्या शिष्टाचारामुळे नव्हे. "आता मोडलंच आहे, तर गावाहून गेल्यावर बघू" हा विचार त्यामागे होता. घसरणीनंतर येणारी अपराधाची भावना माणसाला पुन्हा व्यसनाकडे ढकलते, हे मार्लाट यांचे जुने निरीक्षण येथे तंतोतंत लागू पडले. गावाहून परतल्यावर त्यांनी भेट पुढे ढकलली. आम्ही फोन केला. तेव्हा पर्याय दोन होते: नव्याने तारीख ठरवून पहिल्यापासून मोजणी सुरू करणे, किंवा मोजणीच सोडून देऊन आजपासून पुढे जाणे. आम्ही दुसरा निवडला. दिवसांची मोजणी अनेकांना बळ देते, पण श्री. म. यांच्यासारख्या स्वतःला तोलत राहणाऱ्या माणसाला ती तराजूत बसवते. अपराधाच्या भावनेलाही तीच दोन प्रश्नांची रीत लावली. ती त्यांना पोटात, बेंबीच्या वर, जड गोळ्यासारखी सापडली, आणि तंबाखूच्या तलफेपेक्षा ती बराच जास्त वेळ टिकते, असे त्यांचे निरीक्षण होते.

याशिवाय नकाराचे शब्द तयार केले. 'सोडली आहे' म्हटले की आग्रह होतो, थट्टा होते. 'तोंडात जखम आहे, डॉक्टरांनी बंद केलीय मामा' म्हटले की विषय संपतो, आणि ते खोटेही नाही. पुढे केलेल्या तळहाताला हात लावून नमस्कार करायचा आणि मग हे वाक्य, असे त्यांनीच सुचवले. मान राखला जातो, चिमूट उचलली जात नाही.

परिणाम

सहा महिन्यांनंतर श्री. म. तंबाखू खात नव्हते. याला आधार त्यांच्या सांगण्याचा आणि त्यांच्या पत्नीच्या दुजोऱ्याचा आहे. लघवीतील कोटिनिनची (निकोटिनपासून शरीरात तयार होणाऱ्या पदार्थाची) तपासणी आम्हाला करता आली नाही. पट्टी टप्प्याटप्प्याने कमी करून तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस बंद झाली. दंतवैद्यांच्या तपासणीत चट्टा लहान व फिका झाला होता. नियमित तपासणी चालू राहील.

तलफ पूर्णपणे गेली नाही. नाईटच्या आठवड्यात पहाटे चारच्या सुमारास ती अजूनही येते, आणि ती येते याचे त्यांना आता वैषम्य वाटत नाही. बसण्याचा सराव टिकला आहे, पण रोजचा नाही. आठवड्यातून चार-पाच वेळा, कधी वीस मिनिटे, कधी कमी. घरात आवाज चढण्याचे प्रमाण कमी झाल्याचे पत्नीने सांगितले. तो आम्ही ठरवलेला हेतू नव्हता आणि त्याचे श्रेय कशाला द्यावे हे सांगणे कठीण आहे.

एक बाजू मात्र काळजीची निघाली. जेवणानंतर ते गोड सुपारी खाऊ लागले होते, आणि हे तिसऱ्या महिन्यात ओघाओघात कळले. सुपारीत तंबाखू नसली तरी ती स्वतःच कर्करोगकारक मानली जाते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी करणारा तंतुमयतेचा आजार प्रामुख्याने तिच्यामुळेच होतो. त्यांच्या दृष्टीने ती निरुपद्रवी होती, कारण तिची 'तलफ' येत नव्हती. एका जेवणानंतर सुपारी न खाता पाच मिनिटे बसून पाहा, एवढेच आम्ही सांगितले. गालांच्या आत तेच पाणी सुटले, अंगठा तसाच फिरू लागला, तेव्हा समजावण्यासारखे काही उरले नाही.

काय वेगळे करता येईल

सुपारीबद्दल पहिल्याच भेटीत स्वतंत्र प्रश्न हवा, तोही मुख्य सवयीच्या यादीत आणि 'आणखी काही?' या शेपटात नव्हे. तंबाखू सोडणाऱ्याच्या तोंडात रिकामी झालेली जागा काहीतरी भरू पाहते आणि आपल्याकडे ती जागा भरायला सुपारी सर्वांत जवळ असते.

देण्याघेण्याच्या प्रसंगांची तयारी तारखेच्या आधी व्हायला हवी. लग्न, जत्रा, दशक्रिया, गणपतीतील रात्रीची जागरणे यांची यादी रुग्णाकडूनच करून घेता येते. आतल्या संवेदनांच्या सरावाला जितका वेळ दिला, त्याचा एक चतुर्थांश जरी या तयारीला दिला असता, तरी घाटावरचा प्रसंग वेगळा जाण्याची शक्यता होती. पत्नीला सहाव्या महिन्यात दुजोऱ्यासाठी बोलावण्याऐवजी दुसऱ्या भेटीपासून सामील करावे, हेही याच मुद्द्याचा भाग आहे. गावी त्या सोबत होत्या आणि नकाराचे वाक्य त्यांना माहीत असते तर तेच त्या म्हणाल्या असत्या.

तलफेचे आकडे लिहून घेण्याबाबत माझे मत या प्रकरणाने बदलले. सुरुवातीला, 'तलफ बदलते' हे दिसावे म्हणून ते उपयोगी आहेत. पण आकडा कमी होणे हेच ध्येय बनले आहे असे दिसताच ते थांबवावेत. दात आवळणे, सरावानंतरचा थकवा आणि 'आज छान झालं, तीनवर आलं' अशी वाक्ये ही त्याची लक्षणे.

हा मार्ग सर्वांसाठी नाही. तीव्र नैराश्य, भ्रम किंवा जुन्या आघाताच्या आठवणी असलेल्या व्यक्तीला शरीरातील संवेदनांवर लक्ष ठेवणे त्रासाचे ठरू शकते, आणि तेथे मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय असा सराव सुरू करू नये. श्री. म. यांच्याकडे आधीच एक ओळख होती. जिच्याकडे ती नाही अशा व्यक्तीला 'शरीरात शोधा' म्हणणे काही आठवडे अर्थहीन वाटू शकते. तिच्यासाठी नेहमीचा कार्यक्रम आणि १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन हाच पहिला टप्पा.

दुसऱ्या शिबिराचा प्रश्न त्यांनी वर्षाच्या शेवटी पुन्हा काढला. या वेळी अर्जात तंबाखूचा इतिहास त्यांनी पूर्ण लिहिला आहे. परतीच्या प्रवासात कल्याणला उतरल्यावर आम्हाला फोन करायचा, आणि त्यानंतरच्या पहिल्या नाईटच्या आठवड्यात भेट घ्यायची, असे ठरले आहे.